एका ‘ल’चा चमत्कार

बंद पडलेल्या सिनेमागृहाला त्या संध्याकाळी जेवढी गर्दी होती, तेवढी ते चालू असताना कधी झाली नव्हती. तिकीटखिडकीच्या मागे कुणी नव्हतं, तरी लोक गजांतून हात आत घालून उभे होते. रांग जिन्यावरून उतरून फाटकाबाहेर गेली होती आणि सायकलच्या दुकानाला वळसा घालून पुढे कुठेतरी दिसेनाशी झाली होती. शेपटीला उभ्या असलेल्यांना रांग कशाची आहे हे माहीत नव्हतं. एवढी माणसं उभी आहेत म्हणजे काहीतरी असणारच, एवढ्याच भरवशावर तेही पाय अवघडून घेत होते.

आणि होतंही काहीतरी. आत, फाटक्या पडद्यापुढे खुर्चीवर एक मुलगी बसली होती आणि तिचा कान श्वास घेत होता.

ही थाप वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. खरी थाप अजून पुढे आहे. कानाचं मात्र अक्षरशः खरं होतं. मुलीच्या डाव्या कानात शेंगदाण्याएवढा मायक्रोफोन चिकटवलेला होता, त्याची वायर खाली दोन जुन्या कर्ण्यांना जोडली होती आणि त्या कर्ण्यांतून सगळ्या सभागृहात आवाज भरून राहिला होता. हुंऽऽ आत, हाऽऽ बाहेर. मुलगी काही बोलत नव्हती, तोंड मिटलेलं होतं. कानच तेवढा बोलत होता. एका निवृत्त कारकुनाला त्यात समुद्र ऐकू आला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला आपल्या वारलेल्या नवऱ्याचं घोरणं ऐकू आलं आणि तिनं पदराला डोळे पुसले. नवरा होता तोवर याच आवाजापायी ती दुसऱ्या खोलीत झोपायची.

“हा श्वास हिचा नाही,” कर्ण्याशेजारी उभा असलेला नादबाबा सांगत होता. “हिचा श्वास नाकात आहे. कानातला श्वास ब्रह्मांडाचा. डाव्या कानाची फ्रिक्वेन्सी चंद्राची, उजव्या कानाची सूर्याची. मधे काय असतं? मेंदू असतो. म्हणून शहाण्यांना हे ऐकू येत नाही.”

नादबाबा पूर्वी घरोघर फिरून बहिऱ्यांना ऐकण्याची यंत्रं विकायचा. यंत्रं चालत नसत. तक्रार करायला लोक यायचे, पण त्यांनी केलेली तक्रार त्यालाच ऐकू येत नसे. त्या धंद्यातून उरलेले मायक्रोफोन, वायरी आणि बोलण्याची सवय एवढ्या भांडवलावर तो बाबा झाला होता. लोक त्याच्या नादी लागले म्हणून नादबाबा हे नाव पडलं की नाव पडल्यावर नादी लागले, हे आता कुणाला आठवत नाही.

बराच वेळ नाद ऐकवून झाला की तो एक बोट वर करायचा. मुलगी खुर्चीवरून उठायची, त्याच्या पायांशी वाकायची, डोकं अगदी खाली न्यायची. आणि कर्णे गप्प व्हायचे. एकदम. अख्खं सभागृह श्वास रोखून धरायचं. मुलीनं डोकं वर केलं की पुन्हा हुंऽऽ.

“बघितलंत?” नादबाबा हळूच म्हणायचा. “ब्रह्मांडसुद्धा कुणाच्या पायाशी गप्प बसायचं ते ओळखतं.”

शेवटच्या रांगेत, स्प्रिंग वर आलेल्या खुर्चीवर कानाचे डॉक्टर बसले होते. गावभर त्यांना कानकोरे म्हणत. लोकांच्या कानांतला मळ, मणी, खोडरबराचे तुकडे आणि एकदा तर जिवंत झुरळ काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. तरुणपणी त्यांनी गावातले चमत्कारही काढून बघितले. रडणाऱ्या भिंतीमागे फुटलेला नळ सापडला. आपोआप पेटणाऱ्या कापसावर औषधांच्या दुकानातली पूड सापडली. दर वेळी लोक त्यांचे मनापासून आभार मानत आणि त्याच पावली पुढच्या चमत्काराकडे निघत. शेवटी डॉक्टरांनी कानाला खडा लावला. ज्याला जे ऐकायचं ते ऐकू दे, आपण मळ काढावा.

आज ते आले, त्याला दोन कारणं होती. दुसरं कारण त्यांना स्वतःशी कबूल करायलाही जड जात होतं.

पहिलं कारण म्हणजे सकाळी मुलीची आई दवाखान्यात येऊन गेली होती. आई कपडे शिवायची. सगळे तिला टेलरबाई म्हणत. ती औषधाला आली नव्हती, संध्याकाळचं आमंत्रण द्यायला आली होती. आज महाश्रवण आहे, तुम्ही याच, सुरुवात तुमच्यापासूनच झाली, असं म्हणाली. आणि जाता जाता, दारात, हात चोळत म्हणाली की आजपासून मुलगी पाणीही सोडणार आहे. बाबा म्हणाले, अन्न सोडलं तर नाद एवढा आला, पाणी सोडलं की उजवा कानही जागा होईल.

डॉक्टरांनी विचारलं, “आणि मुलगी काय म्हणते?”

“ती कुठे बोलते हो? मौन आहे तिचं.”

आई गेल्यावर बायकोनं आतून विचारलं की टेलरबाई काय म्हणत होती. ते म्हणाले, जावं लागणार. बायको म्हणाली, “या वयात पुन्हा गावाचे कान पिळायला निघालात? जा. पण मफलर घ्या, आणि भाषण करू नका. तुमच्या भाषणानं कुणी सुधारल्याचं मी तरी बघितलेलं नाही.”

दुसरं कारण असं, की या चमत्काराचा पहिला शब्द डॉक्टरांच्याच तोंडून निघाला होता.

काही महिन्यांपूर्वी टेलरबाई मुलीला घेऊन दवाखान्यात आली होती. बाहेर गर्दी, आत एक रडणारं मूल. मुलीची तक्रार अशी की स्वतःचा श्वास कानात आदळतो, आणि बोललं तर स्वतःचा आवाज रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा डोक्यात घुमतो. डॉक्टरांनी बत्ती लावून कानात बघितलं, तर कानाचा पडदा श्वासाबरोबर आत-बाहेर होत होता. पुस्तकात वाचलेलं आणि डोळ्यांनी क्वचित बघायला मिळणारं दृश्य. कानकोऱ्यांना आनंद झाला, जसा पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला व्हावा तसा. ते बोलून गेले, “अरे वा! हिचा कान उघडा आहे. बघा, श्वास घेतोय.”

पुढेही ते बोलले होते. वजन फार उतरलंय, हे त्याचंच आहे, हिला मोठ्या दवाखान्यात दाखवा, खाण्याचं बघा, आठवड्यानं परत या. पण ते बोलताना त्यांचा एक हात पुढच्या पेशंटला आत बोलावत होता. आईनं ‘अरे वा’ ऐकलं. डॉक्टर ‘अरे वा’ म्हणतात म्हणजे वाईट काही नसणार, एवढं तिनं पदरात बांधून घेतलं.

जिन्यात शेजारीण भेटली. तिला टेलरबाईनं सांगितलं, डॉक्टर म्हणाले कान उघडा आहे. शेजारणीनं पिठाच्या गिरणीत सांगितलं, टेलरबाईच्या मुलीचा कान उघडला. बस्स. एक ‘ल’ मधे येऊन बसला. उघडा कान ही तक्रार असते. उघडला म्हटलं की ती घटना होते. गिरणीचा पट्टा थांबायच्या आत तो ‘ल’ गावभर झाला, आणि संध्याकाळी वायरींचं भेंडोळं खांद्यावर टाकून नादबाबा टेलरबाईच्या दारात उभा राहिला.

तिनं त्याला आत का घेतलं, याचा डॉक्टरांना आधी राग आला होता. सकाळी ती हात चोळत उभी राहिली तेव्हा राग उतरला. त्या घरात कितीतरी दिवस प्रत्येक जेवण म्हणजे भांडण होतं. मुलगी ताट पुढे सरकवायची, आई परत मागे सरकवायची. कधी रडून, कधी शपथ घालून, कधी थोबाडीत मारूनही झालं. का खात नाही हे मुलीलाही सांगता येत नव्हतं. खायचं म्हटलं की भीती वाटते एवढंच ती म्हणायची, आणि अन्नाची भीती कसली हे आईला कळत नव्हतं. आई दर थोड्या दिवसांनी तिच्या कपड्यांना आतून टीप मारत होती, आणखी आत, आणखी आत. गावातल्या सगळ्या बायकांची मापं जिच्या डोळ्यांत होती, तिला स्वतःच्या मुलीचं माप घ्यायचा धीर होत नव्हता. मग नादबाबा आला आणि म्हणाला, हा उपवास आहे. आजाराला नाव नव्हतं, उपवासाला होतं. भांडण संपलं. जे लोक काल कुजबुजत होते ते आज दारात चपला काढून उभे राहू लागले. अशा वेळी कोणती आई नको म्हणेल?

आणि मुलीचं सगळंच त्या नावात बसत गेलं. खात नव्हती, तो उपवास. स्वतःचा आवाज सोसत नव्हता म्हणून बोलेनाशी झाली, ते मौन. आडवं पडलं की कानातला आवाज थांबायचा म्हणून दिवसदिवस पडून राहायची, ते ध्यान. मान खाली घातली की बरं वाटायचं म्हणून येईल त्याच्यापुढे वाकायची, ती नम्रता. बाबाला काही करावंच लागलं नाही. त्यानं फक्त लेबलं चिकटवली.

“आणि आज आपल्यात,” नादबाबाचा आवाज चढला, “खुद्द मोठे डॉक्टर हजर आहेत. यंत्र लावून ज्यांनी सगळ्यांच्या आधी सांगितलं की कान उघडलाय, तेच हे. डॉक्टरसाहेब, वर या. दोन शब्द बोला. विज्ञानानंही आज मान तुकवू दे.”

सगळ्या माना मागे वळल्या. डॉक्टर उठले; स्प्रिंगनं मफलर धरून ठेवला होता, तो सोडवायला वेळ लागला. वर जाईपर्यंत त्यांना दम लागला होता. जवळून मुलगी बघितली आणि त्यांचे खांदे आणखी खाली आले. नखं निळसर. दंडावर बारीक लव आली होती. तिच्या मनगटावर बोटं ठेवली तर नाडी इतकी संथ, की पुढचा ठोका पडेल की नाही याची वाट बघावी लागत होती. मुलगी मधूनच नाक जोरात आत ओढत होती. तेवढ्यापुरता कर्णा गप्प व्हायचा, आणि मग पुन्हा हुंऽऽ.

डॉक्टरांना भाषण करायचं नव्हतं. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, ते त्यांच्या हातून निसटलं आणि मुलीच्या पायांशी पडलं. निसटलं की सोडलं, हे त्यांनी नंतर बायकोलाही सांगितलं नाही.

मुलगी संस्कारी. ती उचलायला वाकली, डोकं गुडघ्यांच्याही खाली नेलं, आणि कर्णे गप्प झाले.

सभागृहात कुजबुज उठली. नादबाबा मुरलेला होता. त्यानं लगेच सावरलं. डॉक्टरसाहेबांच्या हातात रोग्यांचा दुवा आहे, त्यांच्या वस्तूतही तेज उतरणारच, असं काहीसं तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले की शक्य आहे, बघू या. त्यांनी पायातला बूट काढून स्टेजच्या मधोमध ठेवला. चिखलाचा, टाच झिजलेला. मुलीला म्हणाले, “बाळ, याच्यापुढे वाक.” ती वाकली. ब्रह्मांड बुटापुढे गप्प. कोपऱ्यात गळक्या छताखाली एक बादली ठेवलेली होती, ती पुढे आणली. ब्रह्मांड बादलीपुढेही गप्प.

बाल्कनीतून कुणीतरी म्हणालं, “बादलीला पण दुवा लागलाय वाटतं.” हशा पिकला.

“आता एकच राहिलं,” डॉक्टर म्हणाले. “बाबा, तुमचा अधिकार पायात आहे ना? मग तिला खाली वाकवायचं कशाला, दमली आहे ती. तुम्हीच पाय वर घ्या. टेबलावर. तिच्या कपाळाच्या उंचीला.”

बाबा म्हणाला की हे शास्त्राला धरून नाही. पण आता बाल्कनी पेटली होती. पाय वर, बाबा, पाय वर, असा एका सुरात गजर सुरू झाला, आणि गर्दीला एकदा सूर सापडला की ती भक्तीची आहे की टवाळीची याच्याशी सुराला देणंघेणं नसतं. नादबाबा खुर्चीत बसला आणि दोन्ही पाय टेबलावर ठेवले. एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. मुलगी टेबलापुढे गुडघ्यांवर ताठ बसली, मान न वाकवता पुढे झाली आणि कपाळ त्या अंगठ्याला टेकवलं.

हुंऽऽ, कर्णे म्हणाले. हाऽऽ. हुंऽऽ.

बाबानं पाय हलवून बघितले. नाद चालूच. कारकून उठून उभा राहिला. म्हातारी बाई रडायची थांबली.

मग अशी गोष्ट झाली जी डॉक्टरांच्याही मनात नव्हती. मुलगी बोलली. ती पुटपुटली असेल, पण मायक्रोफोन कानातच होता आणि तो शब्द तिच्या डोक्यात जसा आदळायचा तसाच कर्ण्यांतून सगळ्या सभागृहावर आदळला, रिकाम्या पिंपात ओरडल्यासारखा. पुढच्या रांगेतल्यांनी कानांवर हात घेतले.

“हे थांबवा. मला हे नको आहे.”

इतके दिवस सगळं गाव हा आवाज ऐकायला येत होतं. तिला तो हवा आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. टेलरबाई पहिल्या रांगेतून उठली, स्टेजवर चढली आणि तिनं मुलीच्या कानातून ती वायर काढली. धागा तोडावा तशी, एका झटक्यात.

कर्णे गप्प झाल्यावर डॉक्टर बोलले. मोठ्यानं बोलायची त्यांच्यात ताकद नव्हती, म्हणून लोकांनाच पुढे सरकावं लागलं. त्यांनी सांगितलं की कानापासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. ती एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. तिच्या भोवती चरबीची गादी असते, तीच तिला मिटवून ठेवते. माणूस उपाशी राहून राहून खंगला की ती गादीही झडते आणि नळी उघडीच राहते. मग नाकातला श्वास थेट कानाच्या पडद्यावर जाऊन धडकतो. ब्रह्मांडाचा नाही, स्वतःचाच. डोकं खाली केलं की तिथल्या शिरांत रक्त साठतं, भोवतालचा भाग फुगतो, नळी मिटते आणि आवाज थांबतो. बाबांपुढे मिटते, बुटापुढे मिटते, बादलीपुढेही मिटते. नाक जोरात आत ओढलं तरी क्षणभर मिटते. त्यांनी हेही सांगितलं की असं दुसऱ्याही कारणांनी होतं, तेव्हा उद्या कुणी बारीक माणसांचे कान तपासत फिरू नये. पण या मुलीला भुकेनं झालंय. जितकी उपाशी राहील तितका नाद मोठा होईल, आणि ही नाडी तो फार दिवस सोसणार नाही. पाणी सोडलं तर मुळीच नाही.

“आणि कान उघडला असं मी म्हणालो नव्हतो,” ते म्हणाले. “उघडा आहे म्हणालो होतो. पण ते घाईत म्हणालो, आणि उरलेलं हिच्या आईच्या कानावर नीट घातलं नाही. तेवढं माझं.”

लोक पांगले. काहींनी आभार मानले. दोघातिघांनी डॉक्टरांच्या बुटाला हात लावता येईल का, असं दबक्या आवाजात विचारलं. म्हाताऱ्या बाईनं जाता जाता विचारलं की मग तो घोरण्याचा आवाज ह्यांचा नव्हताच का. डॉक्टरांना खोटं बोलवेना आणि खरं बोलायचा कंटाळा आला होता. ते म्हणाले, “तुम्हाला आठवतोय ना? मग झालं.” नादबाबा वायरी गुंडाळत होता. त्यानं डॉक्टरांवर राग धरला नाही. शेवटी दोघांचाही धंदा कानांचाच. पुढे दोन गावं सोडून एक विहीर बोलायला लागल्याचं कानावर आलं. डॉक्टर गेले नाहीत.

मुलीला त्याच संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे कुणी तिच्यापुढे भरलेलं ताट ठेवलं नाही. इतक्या उपाशी शरीराला एकदम खाऊ घालणंही धोक्याचं असतं. रक्त तपासत, चमचा चमचा वाढवत नेलं. मनाच्या डॉक्टरीणबाई रोज तिच्याजवळ बसायच्या, कारण कानाचं कोडं सुटलं म्हणजे भीती सुटली असं नव्हतं. आजार खरा होता आणि चिवट होता. मुलगी घरी आली, पुन्हा ढासळली, पुन्हा दवाखान्यात गेली, पुन्हा आली. चमत्कार एका संध्याकाळीत होतात. बरं व्हायला फार वेळ लागतो, आणि ते बघायला कुणी रांग लावत नाही.

बऱ्याच महिन्यांनी मायलेकी डॉक्टरांकडे आल्या. मुलगी पाऊल जपून टाकत होती, पण जिना स्वतः चढली होती. बाहेर गर्दी होती, एक मूल रडत होतं. डॉक्टरांनी दार लावून घेतलं, बत्ती लावली आणि कानात बघितलं. पडदा स्थिर होता. त्यांनी मुलीला श्वास घ्यायला सांगितला, सोडायला सांगितला. पडदा जागचा हलला नाही.

“अजून येतो का आवाज?”

“कधी कधी. जेवण चुकवलं की जास्त,” मुलगी म्हणाली. मग थोडं हसली. “आईचं मशीन आता नीट ऐकू येतं. फार खडखड करतं ते.”

टेलरबाईच्या मांडीवर मुलीचा जुना कुर्ता होता. वाट बघताना ती आतली टीप उसवत बसली होती. टोकदार कात्रीनं एकेक टाका सोडवत, दाबून ठेवलेलं कापड मोकळं करत होती. मान खाली घालूनच तिनं विचारलं, “मग डॉक्टर, लोकांना काय सांगू? कान बंद झाला म्हणून सांगू?”

डॉक्टर तोंड उघडणार होते, पण थांबले. बाहेर जिन्यात शेजारणीच्या चपला वाजत होत्या. ‘कान बंद झाला’ म्हणावं, तर गिरणीपर्यंत मुलगी बहिरी झाली असती आणि संध्याकाळी कुणीतरी बहिरेपणावरची विभूती घेऊन दारात आलं असतं. त्यांनी एकेक अक्षर तपासून, मळ काढून, हळू हळू सांगितलं, “लोकांना सांगा, पोरगी जेवते आहे. एवढंच सांगा. आणि कुणी पुढे काही जोडायला लागलं, तर त्याला म्हणावं, आधी मुलीला विचार.”

तिचे कान भुकेनं हलके झाले होते. ते भरून आले. बाकीच्यांचे हलके कान भरायला मात्र गावोगाव कुणी ना कुणी वायरी घेऊन बसलेलाच आहे, आणि त्यावर दवाखान्यात औषध नाही. औषध एकच, आणि ते घरीच घ्यायचं असतं: नवल दिसलं की वाकायच्या आधी एकदा विचारावं, हे बादलीपुढेही असंच होतं का?